सायकल सफरीतला विश्रांतीचा दिवस: चाळीसगावचा मुक्काम आणि पाटणादेवीचं रान

कोकणातून सायकलीवर जाणारी मंडळी विश्रांतीच्या दिवशी किनाऱ्यालगतच्या रानात हिंडतात. पाय मोकळे होतात, डोळे निवतात. खानदेशात समुद्र नाही, पण डोंगर आणि रान आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधे तापी-गिरणेचं काळं रान. धुळे, मालेगाव किंवा जळगावकडून येऊन पुढे कन्नड घाट चढणार असाल, तर विश्रांतीचा दिवस चाळीसगावला घ्या आणि सकाळ पाटणादेवीच्या जंगलात घालवा, असं मी आग्रहाने सांगतो. तो दिवस कसा आखायचा ते इथे टप्प्याटप्प्याने लिहितो आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रोज ८०-१०० किलोमीटर सायकल मारणाऱ्याला वाटतं, पाय आता पोलादी झाले, दिवसभर डोंगर हिंडलो तरी काय होणार? सायकलीवर मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. पायी उतार उतरताना मात्र तोच स्नायू ताणला जात असताना अंगाचा भार पेलतो. हे काम सायकलीवर होतच नाही, त्यामुळे कसलेला सायकलस्वारही पायउताराला नवखाच असतो. हे दुखणं लगेच कळत नाही. त्याच रात्री नुसती जाणीव होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात, म्हणजे नेमके घाट चढायच्या वेळी. म्हणून विश्रांतीच्या दिवशी चालायचं ते सपाटीवर, सावलीत आणि थोडं. गड चढून उतरायचा नाही.

मुक्काम कुठे आणि कधी

साधारण चार ते सहा दिवस सलग सायकल चालवल्यावर एक दिवस थांबावं. तो दिवस मोठ्या चढाच्या आधी येईल असा हिशेब करा. स्नायूंमधला साखरेचा साठा नीट खाऊनपिऊनही भरून यायला साधारण २४ तास लागतात, तो भरलेला असताना घाटाला भिडणं शहाणपणाचं. चाळीसगाव यासाठी सोयीचं आहे. मध्य रेल्वेचं जंक्शन आहे, धुळ्याचा फाटा इथूनच निघतो. लॉज, दवाखाने, सायकल दुरुस्तीची दुकानं, बाजारपेठ सगळं हाताशी आहे. सोबत्याची तब्येत बिघडली तर गाडीत बसवून घरी पाठवायचीही सोय आहे.

एकाच लॉजवर सलग दोन रात्री घ्या. विश्रांतीच्या दिवशी सामान बांधून खोली बदलणं म्हणजे अर्धा दिवस घालवणं. खोली शक्यतो तळमजल्यावर मागा, नाहीतर सायकल ठेवायला कुलूपबंद जागा आहे का ते आधी विचारा. आदल्या दिवसाचा टप्पा आखूड ठेवून दुपारी तीनपर्यंत पोचता आलं तर उत्तम. कारण खरी विश्रांती त्याच संध्याकाळी सुरू होते: कपडे धुवायचे, अंघोळ, पोटभर जेवण आणि नऊला आडवं. खानदेशातल्या कोरड्या हवेत कपडे सकाळपर्यंत खडखडीत वाळतात. पावसाळा असेल तर मात्र पंख्याखाली दोरी बांधायची तयारी ठेवा.

सकाळ: आधी सायकल, अर्धा तास

गजर लावू नका असं सांगितलं असतं, पण इथे ऊन लवकर चढतं. फेब्रुवारीनंतर तर नऊ वाजताच डोकं तापतं. म्हणून उजाडताच उठा, चहा घ्या आणि सायकलीचं काम आत्ताच उरकून टाका. संध्याकाळवर टाकलं की ते राहतं, आणि काही मोडलेलं निघालं तर दुकान उघडं असेपर्यंत वेळही हाती राहत नाही.

खानदेशात टायरचा वैरी म्हणजे बाभळीचा काटा. शेताच्या बांधावर बाभूळ, हिवर, बोर, आणि छाटलेल्या फांद्या कुंपणाला लावलेल्या. त्यांचे काटे वाऱ्याने रस्त्यावर येतात. काटा लगेच हवा सोडत नाही, रबरात रुतून बसतो आणि दोन दिवसांनी ट्यूब गाठतो. चाक हळूहळू फिरवत टायरचा पृष्ठभाग इंच इंच बघा. काळा ठिपका दिसला की सुईने उकरा. शंका असेल तर टायर उतरवून आतून जुनं सुती फडकं फिरवा, काटा असेल तिथे फडकं अडकेल. बोट फिरवू नका, रक्त निघतं.

काळ्या मातीतून आला असाल तर मडगार्ड आणि ब्रेकच्या मधली वाळलेली ढेकळं काडीने पाडा. ओल्या मातीवर पाणी मारत बसू नका, ती आणखी चिकटते. वाळू द्या, मग झटका. पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या मधल्या भागावर आणि पॅडलच्या खोबणीवर मारू नये, आतलं ग्रीस धुऊन जातं. साखळी फडक्याने पुसून एकेका कडीवर तेलाचा एकेक थेंब आणि वरचं जादा तेल पुन्हा पुसून काढायचं. ब्रेकचे रबर बघा, आरे एकेक दाबून सैल कुठला ते बघा, कॅरिअरचे स्क्रू आवळा. एवढं पुरे.

आता स्वतःचं अंग बघा. बैठकीवर फोड, पुरळ, घासलेली जागा असेल तर ती धुऊन कोरडी करा आणि आज दिवसभर सैल सुती कपडे घाला, पॅडवाली चड्डी नाही. बोटांना मुंग्या येत असतील तर हँडलची उंची किंवा बैठकीचा कोन जरासा बदलून उद्या फरक पडतो का ते पाहा. लघवीचा रंग गडद पिवळा असेल तर काल पाणी कमी पडलंय. बाहेर पडायच्या आधी ग्लासभर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घ्या.

पाटणादेवीला कसं जायचं

चाळीसगावपासून पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन ३५ च्या वर. विश्रांतीच्या दिवशी एवढी सायकल मारायची नाही, असं माझं ठाम मत आहे. सायकल लॉजवर ठेवा आणि रिक्षा ठरवून जा. परतीची वेळही तेव्हाच ठरवा आणि रिक्षावाल्या दादांचा नंबर घ्या. डोंगराच्या कुशीत मोबाइलची रेंज भरवशाची नाही, त्यामुळे 'फोन करतो, मग या' हे तिथे चालत नाही. 'साडेअकराला देवळापाशी' असं बोलून ठेवा. कुणाला सायकलीशिवाय करमतच नसेल तर सामान न घेता, सगळ्यात हलक्या गिअरवर, शेजाऱ्याशी न धापता गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने जावं, आणि मग चालणं अर्ध्यावर आणावं.

बरोबर काय घ्यायचं? माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. केळी, गूळ-शेंगदाणे. ओआरएसची दोन पाकिटं. टोपी, पूर्ण पायांची पँट, पायात साधे बूट आणि जाड मोजे. सायकलचे क्लीटवाले, म्हणजे तळाला पॅडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले बूट खडकावर घसरतात, ते खोलीत ठेवा. शिटी, चिकटपट्टी, छोटी कैची. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

रानात शिरताना

पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. १९८६ साली घोषित झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत पसरलेलं आहे. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, जे शुल्क असेल ते भरा आणि तिथल्या वनरक्षकांना दोन प्रश्न विचारा: आज कुठली वाट चालू आहे, आणि इतक्यात जनावर कुठे दिसलंय. अभयारण्यात मुक्काम, चूल, ड्रोन, मोठ्याने गाणी हे काहीही परवानगीशिवाय नाही. वानरांना खायला घालू नका. एकदा सवय लागली की ती पुढच्या माणसाची पिशवी ओढतात.

देवळाजवळ आधी थांबा. चंडिकादेवीचं हे देऊळ यादवकाळातलं, आणि जवळच महादेवाचं हेमाडपंती देऊळ आहे. पाटणचं नाव गणिताच्या इतिहासात आहे ते इथल्या शिलालेखामुळे. शके ११२८ म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमाराचा हा लेख. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांनी इथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला देणगी दिली, अशी ती नोंद आहे. लेख संस्कृतात आहे आणि शेवटचा भाग जुन्या मराठीत. बाजारात येणाऱ्या मालावरच्या उत्पन्नातला वाटा मठाला द्यायचा, असा व्यवहाराचा मजकूर मराठीत आहे. विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. शून्याने भागण्याचा विचार करणाऱ्या माणसाचे ग्रंथ या दरीत शिकवले जावेत म्हणून कुणीतरी बाजाराचं उत्पन्न तोडून दिलं होतं, हे वाचून मला या जागेबद्दल फार आदर वाटतो. दर्शन घ्या, दगडावरची नक्षी बघा आणि पुढे निघा. नवरात्रात इथे मोठी गर्दी असते, तेव्हा रानाची शांतता मिळत नाही. ते दिवस टाळा.

चालायचं कसं

डोंगरी नदीच्या काठाने दरीत शिरणारी वाट धरा. केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे पावसाळ्यात बघण्यासारखे असतात. पितळखोऱ्याची इसवीसनापूर्वीची लेणी वरच्या अंगाला आहेत आणि कण्हेरगडही खुणावतो. पण आज दोन्हीकडे जायचं नाही. कारण सुरुवातीलाच सांगितलं: उतार. लेणी बघायचीच असतील तर उद्या घाट चढून कन्नडच्या बाजूने जाता येईल.

नियम सोपा ठेवा. घड्याळ लावून तासभर आत, मग मागे वळायचं, वाट कितीही सुंदर असली तरी. वेग इतका कमी की घाम कपाळावर यावा पण पाठ भिजू नये. दर पंधरा मिनिटांनी थांबून दोन घोट पाणी.

हे कोरडं पानगळीचं रान आहे. सालई, धावडा, खैर, पळस, अंजन, मधे सीताफळीची झुडपं. ऑक्टोबरात सीताफळ पिकतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो. पानगळीनंतर रान उघडं पडतं आणि पक्षी सहज दिसतात: कोतवाल, हळद्या, वेडा राघू, नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक. मोर दिसण्याआधी ऐकू येतो. सालईच्या सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटतात. पडलेला एखादा हातात घेऊन वास घ्या, धुपासारखा येतो. झाडाला जखम करू नका.

पावसाळ्यानंतर गेलात तर कुसळी गवताशी गाठ पडणारच. पायात जाड मोजे सांगितले ते यासाठी, तरी ती शिरतातच. एक कुसळ मोज्यातून ओढून तळहातावर ठेवा. खाली टोकदार, केसाळ बी आणि वर पिळलेली काळपट शेपटी. तिच्यावर बाटलीतल्या पाण्याचा थेंब टाका आणि वाट बघा. शेपटीचा पीळ हळूहळू उलगडायला लागतो आणि बी तळहातावर स्वतःभोवती फिरतं. सुकलं की पुन्हा पीळ भरतो. दव आणि ऊन यांच्या जोरावर हे बी स्वतःला जमिनीत पेरतं. तुमच्या मोज्यातही ते नेमकं हेच करत असतं, म्हणून टोचलं की लगेच थांबून काढा. ओढायचं ते टोकाच्या दिशेने, केस उलटे अडकतात. परतल्यावर मोजे उलटे करून बघा, नाहीतर उद्या सायकलीवर घोट्याला जखम होते. हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगांपासून लांब राहा. लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून कुसं उपटा आणि मग धुवा.

धोके

पहिला धोका पाण्याचा. ही नदी वर डोंगरात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही फुगते. ३१ ऑगस्ट २०२१ ला वरच्या बाजूला झालेल्या पावसाने डोंगरी आणि तितूर नद्या अशा वाढल्या की चाळीसगाव शहरात पाणी शिरलं, आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. जून ते सप्टेंबर कुंडात पोहायला उतरू नका, दगडावर बसून पाय बुडवणं पुरे. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली किंवा आवाज बदलला, की सामान सोडून आधी काठावर चढायचं. गुराखी भेटतात, त्यांना विचारत चला. "हाई वाट कोठे जास, भाऊ?" एवढं अहिराणीत विचारलंत तरी माणूस खुलतो, आणि "वरे पानी पडी ऱ्हायना, नदीमा उतरू नका" असं कुणी सांगितलं तर हवामानाच्या ॲपपेक्षा त्याचं ऐका.

बिबट्या या रानात आहे, अस्वलही आहे. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यातल्या गावांनी बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गमावली आहेत, त्यामुळे हा विषय गावकऱ्यांसाठी गमतीचा नाही. पहाटे अंधारात आणि संध्याकाळी रानात थांबू नका, एकटे जाऊ नका, लहान मुलाला मागे सोडू नका. जनावर दिसलंच तर पळू नका, पाठ दाखवू नका, उभं राहून हळूहळू मागे सरा. वाटेत दगड उचलताना, बसताना हात कुठे ठेवतो ते बघा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही खानदेशात आहेत. दंश झाला तर अंगठी-कडं काढा, दंशाचा भाग हलू देऊ नका, चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, माणसाला धीर देत चाळीसगावच्या सरकारी रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, वनखात्यासाठी १९२६. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर त्याच्या खाली धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको.

उन्हाळ्यातल्या सफरीबद्दल वेगळं सांगतो. एप्रिल-मे मध्ये इथे पारा ४२-४५ अंशांवर जातो. तेव्हा सकाळी साडेनऊपर्यंत रानातून बाहेर पडा. जमत नसेल तर रान सोडून द्या.

दुपार आणि संध्याकाळ

बारापर्यंत खोलीवर परत. अंघोळ करा, पायाच्या बोटांमधे, गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड चिकटलंय का ते बघा. मग जेवण. आजचं जेवण म्हणजे उद्याचं इंधन, त्यामुळे वरण-बट्टी, वरून तूप. खानदेशी बट्टी आधी उकडून मग तळलेली किंवा भाजलेली असते, दोन-तीन खाल्ल्या की पोट बराच वेळ धरून राहतं. हिवाळा असेल तर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी सोडू नका. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ, त्यात प्रथिनं चांगली मिळतात. भरताची वांगी काड्यांच्या जाळावर भाजून लाकडी बडगीत कुटतात, गॅसवरच्या भरताला ती चव येत नाही. झणझणीत शेवभाजी मात्र दुपारीच खा. रात्री खाल्लीत तर उद्या घाटात पोट त्रास देईल.

जेवून दोन तास झोपा. खरोखर झोपा, फोन लांब ठेवून. उठल्यावर अर्धा-पाऊण तास पाय मोकळे करायला रेल्वे स्टेशनजवळचं केकी मूस यांचं कलादालन बघा. १९१२ ते १९८९ या काळात जगलेल्या या छायाचित्रकाराने आयुष्यातली कित्येक दशकं चाळीसगावच्या त्याच घरात, जवळजवळ बाहेर न पडता काढली आणि टेबलावर छोट्या वस्तू मांडून विलक्षण छायाचित्रं काढली. उघडं असण्याच्या वेळा लॉजवर विचारून घ्या.

संध्याकाळी बाजारातून उद्यासाठी केळी, लिंबं, खारे दाणे घ्या. बाटल्या भरा, दिवे चार्ज करा, सामान बांधून टाका. रात्री हलकी मुगाची खिचडी आणि नऊला झोप.

मार्ग सातपुड्याच्या बाजूने असेल, म्हणजे चोपडा-यावल-रावेर, तर हाच दिवस यावल अभयारण्यातल्या पालला घालता येतो. चोपडा तालुक्यात उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत, यावल तालुक्यात मनुदेवीचं देऊळ आणि पावसाळ्यातला धबधबा. मुक्ताईनगरकडे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे, तिथे तर चालणंही जवळजवळ सपाट. नंदुरबारचं तोरणमाळ सुंदर आहे, पण तिथवरचा चढच मोठा असल्यामुळे विश्रांतीच्या दिवसासाठी ते ठिकाण धरू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी

उठल्यावर लॉजचा जिना एकदा उतरून बघा. मांड्या ठीक असतील तर उजाडताच कन्नड घाटाकडे निघा. पहिले दहा किलोमीटर हलक्या गिअरवर, अंग तापेपर्यंत. घाटात मागचा लाल दिवा चालू ठेवा, वळणावर डाव्या कडेला चिकटून राहा, आणि पावसाळ्यात दरडींमुळे रस्ता बंद नाही ना ते पोलिसांना किंवा एसटी स्टँडवर विचारूनच शहर सोडा. मांड्या आखडल्या असतील तर त्या दिवशी घाट नको. त्याऐवजी साधारण ५५-६० किलोमीटरवरच्या धुळ्याला जा किंवा आणखी एक रात्र चाळीसगावलाच काढा. लॉजवाल्यांना आदल्या संध्याकाळीच 'कदाचित थांबू' असं सांगून ठेवलं असेल तर खोलीचीही अडचण येत नाही.